नऊ रिकामे खण

औषधाची पाकिटं लहान मुलांच्या हातून उघडू नयेत म्हणून दिवसभर डोकं खाजवणारी एक बाई त्या घरात होती, आणि घरातले तिला पाकीटवालीच म्हणायचे. नाव नवऱ्याने ठेवलेलं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याचं म्हणणं, मी अडकलेल्यांना बाहेर काढतो आणि ही बिचाऱ्या गोळ्यांना आत अडकवते. पाकीटवाली या विनोदावर कधी हसली नाही. बाकी कशाचीही थट्टा चालायची तिला, पण हा विषय निघाला की तिचा चेहरा एकदम शिक्षिकेसारखा व्हायचा.

त्याला कारण होतं. औषध कंपनीच्या पॅकिंग विभागात तिची बारा वर्षं गेली होती, आणि तिच्या टेबलासमोरच्या भिंतीवर एक तक्ता चिकटवलेला होता. कुठल्या वयाच्या मुलाने कुठली गोळी खाल्ली, किती खाल्ल्या, कुणाच्या पाकिटातून, आणि पुढे काय झालं. शेवटचा रकाना ती वाचायची नाही. पण तो तिथे आहे हे ती डबा खाताना, फोनवर बोलताना, अगदी कुणाच्या वाढदिवसाचा केक कापतानाही विसरायची नाही. भित्री होतीच ती जात्या. या कामाला भित्रंच माणूस लागतं असं तिचे साहेब म्हणायचे, आणि ते काही खोटं नव्हतं.

तिने केलेली नवी स्ट्रिप दिसायला साधीच. दहा गोळ्या, दहा खण. पण गोळी नुसती दाबून बाहेर यायची नाही. आधी खण टिंबांच्या रेघेवर फाडून वेगळा करायचा, मग कोपऱ्यातली नखाएवढी शेपटी पकडून मागचा कागद सोलायचा, आणि मग दाबायचं. लहान मूल काय करतं, तर दाबतं, चावतं, आपटतं आणि कंटाळतं. पन्नासातल्या अठ्ठेचाळीस मुलांनी तसंच केलं होतं.

या चाचण्या कशा घेतात ते सांगायला हवं. छोट्या खुर्च्यांची एक खोली असते. दोन दोन मुलं बसवतात, हातात पाकीट देतात आणि घड्याळ लावतात. पाच मिनिटं. नाही उघडलं तर मोठं माणूस एकदा उघडून दाखवतं आणि सांगतं, दातांनी उघडलंत तरी चालेल हं. मग आणखी पाच मिनिटं. आत औषध नसतं, खडूच्या बेचव गोळ्या असतात. आणि एक नियम असा असतो की कुणी तो मोडत नाही: एका मुलाला एकच चाचणी. कारण पुन्हा पुन्हा बसवलेलं मूल हे मूल राहत नाही, ते कुलूप ओळखणारा चोर होतं.

पाकीटवालीने हा नियम ऑफिसात कधी मोडला नाही. घरी मोडला.

तिची मुलगी चार वर्षांची. समोरच्या दोन दातांनी बिस्किटांचे पुडे, पेनांची टोपणं, चपलांचे बंद, जे दिसेल ते उघडायची, म्हणून आजीने तिचं नाव खारूताई ठेवलं आणि पुढे नुसतं खारू झालं. डिंक जरा पातळ केला, शेपटी जरा लांब केली, की संध्याकाळी घरी येताना पाकीटवालीच्या पिशवीत नमुना असायचाच. "खारू, बघू उघडतंय का!" असं म्हणून ती घड्याळ लावायची. पहिल्यांदा नाही उघडलं. दुसऱ्यांदाही नाही. अकराव्यांदा खारूने चाळीस सेकंदांत खण सोलला, सोललेला कागद आईने शिकवल्याप्रमाणे बाजूला नीट ठेवला, आणि आईकडे बघून असं हसली की पाकीटवालीने तिला उचलून घेतलं. त्या क्षणी आपण काय शिकवून बसलो आहोत हे तिच्या ध्यानात आलं नाही. हुशार मुलीचं कौतुक वाटलं, एवढंच.

दुसरी बाजू म्हाताऱ्यांची. मुलाला उघडता कामा नये आणि म्हाताऱ्याला उघडलंच पाहिजे, या दोन्हींच्या मधली जागा केसाएवढी असते. ऑफिसातल्या चाचणीला येणारी म्हातारी माणसं म्हणजे स्वतःच्या पायांनी जिने चढून येणारी, खुटखुटीत. घरी मात्र सासूबाई होत्या. त्यांच्या बोटांचे सांधे असे सुजलेले, की चहाचा कप त्या दोन्ही तळव्यांत धरायच्या. मुलगी झाल्यापासून पाकीटवालीही त्यांना आजीच म्हणायची. तिने सहा नमुने त्यांच्या उशाशी ठेवले आणि सांगितलं, "आजी, रोज दुपारी एक उघडायचं आणि संध्याकाळी मला सांगायचं. जमलं नाही तर जमलं नाही म्हणायचं, लाजायचं नाही." सासूबाईंनी सहाही दिवस सांगितलं, "उघडलं की. त्यात काय एवढं?" पाकीटवाली आनंदून गेली. एवढ्या आजारी बोटांना इतकं सहज उघडत असेल, तर डिंक अजून थोडा घट्ट केला तरी चालेल, असं तिने अहवालात लिहिलं. डिंक घट्ट झाला. पाकीट मंजूर झालं. तीन आठवड्यांपूर्वी दुकानांत गेलं, आणि सासूबाईंची हृदयाच्या ठोक्यांची गोळी त्याच नव्या पाकिटातून घरी आली तेव्हा पाकीटवालीने त्याचा फोटो काढला.

ती गोळी मिरीच्या दाण्याएवढी, फिकट पिवळी. म्हाताऱ्या हृदयाला रोज एक हवीच. आणि लहान मुलाने पाच खाल्ल्या तर त्याचं हृदय बंद पडायला तेवढ्या पुरतात. हे घरात फक्त एका माणसाला माहीत होतं.

त्या दिवशी रविवार होता. दुसऱ्या दिवसापासून खारूची शाळा सुरू व्हायची होती. नवऱ्याला कुठल्याशा इमारतीत लिफ्ट अडकली म्हणून बोलावणं आलं होतं. सासूबाई जेवून आडव्या झाल्या होत्या, आणि पाकीटवाली गॅलरीत धुतलेले कपडे झटकून दोरीवर टाकत होती. अडीच वाजले असतील. घरात आवाज नाही हे तिला जाणवलं, आणि ज्या घरात चार वर्षांचं पोर आहे तिथे शांतता म्हणजे काय ते तिला कुणी सांगायला नको होतं.

"खारू? काय चाललंय गं?"

जेवणाच्या टेबलाखाली खारू मांडी घालून बसली होती. मांडीवर स्ट्रिपचे तुकडे होते. फरशीवर सोललेले कागद एका ओळीत नीट लावलेले होते, शिकवल्याप्रमाणे. तिने मान वर केली. चेहऱ्यावर तोच, चाळीस सेकंदांचा, अभिमान होता. मग तिला आईचा चेहरा दिसला आणि तिचा स्वतःचा चेहरा पडला.

पाकीटवालीने तुकडे उचलले आणि मोजले. दहा खण. दहाही रिकामे. एक सकाळचा, सासूबाईंचा. उरले नऊ.

"गोळ्या कुठेत?"

खारू बोलेना.

"खारू, गोळ्या कुठेत? खाल्ल्यास? खाल्ल्यास का? तोंड उघड. आ कर. आ कर म्हणते ना!"

तिचा आवाज असा चिरकला की पोरीने ओठ घट्ट मिटून घेतले. तिने बोट घालून ते उघडायला पाहिलं, तर खारू कडकडून चावली. पण तेवढ्यात दिसायचं ते दिसलं. खालच्या ओठाच्या आतल्या बाजूला पिवळा डाग होता. पाकीटवाली खाली बसली, मग बसून चालणार नाही म्हणून उठली, आणि नेमकं काय करायचं हे बारा वर्षं दुसऱ्यांना सांगणाऱ्या त्या बाईला काही म्हणजे काही आठवेना.

आरडाओरडा ऐकून सासूबाई भिंत धरत बाहेर आल्या. "काय झालं गं?"

"तुम्ही आज किती गोळ्या घेतल्यात?"

"एकच. सकाळची."

"पाकीट कुठे ठेवलं होतंत?"

"उशाशी. का? काय झालं?"

"हिने नऊ खाल्ल्या! तुम्ही शेजारी झोपलात आणि हिने नऊ गोळ्या खाल्ल्या!"

सासूबाईंना काहीतरी म्हणायचं होतं. पण पाकीटवालीने तोवर पोरीला काखोटीला मारलं होतं, रिकाम्या खणांबरोबर उशाशी असलेली दुसरी, न उघडलेली स्ट्रिपही डॉक्टरांना दाखवायला पर्समध्ये कोंबली होती, आणि ती जिना उतरत होती.

खालच्या मजल्यावर बसवरून निवृत्त झालेले एक चालक राहायचे. त्यांनी काही विचारलं नाही, फक्त गाडीची किल्ली घेतली. जन्मभर प्रत्येक थांब्यावर थांबलेला माणूस, पण त्या दिवशी तो कुठेच थांबला नाही. पाकीटवाली मागच्या सीटवर खारूला छातीशी धरून बसली होती आणि पाकिटाच्या पाठीवरचा विषबाधेच्या मदतीचा नंबर वाचायचा प्रयत्न करत होती. त्या नंबरची अक्षरं मोठी व्हावीत म्हणून ती स्वतः साहेबांशी दोन महिने भांडली होती. आता तिला तीच वाचता येईनात. डोळ्यांसमोर आकडे नाचत होते. शेवटी चालकाने सिग्नल तोडता तोडता तो नंबर तिला वाचून दाखवला. पलीकडच्या बाईने एवढंच सांगितलं की उलटी करवू नका, झोपू देऊ नका आणि लवकर पोचा.

"खारू, झोपायचं नाही हं. माझ्याकडे बघ. बोल माझ्याशी."

खारू बघत होती, पण बोलत नव्हती. तिचा श्वास गरम लागत होता. पाकीटवालीने तिच्या मनगटावर बोटं ठेवली. ठोके जलद वाटले, मग सावकाश वाटले, मग ते आपलेच आहेत असं वाटलं. तिने नवऱ्याला तीनदा फोन लावला. लिफ्टच्या बोगद्यात फोन लागत नाही हे तिला माहीत होतं, तरी चौथ्यांदा लावला. तक्त्यातला तो शेवटचा रकाना तिला आठवला. आपल्या मुलीच्या ओळीत तिथे काय लिहितील, हा विचार तिने मनातून ढकलून दिला, तर तो पुन्हा येऊन उभा राहिला.

तातडीच्या विभागातली डॉक्टर तरुण होती, केस रबरबँडने बांधलेले, हातात पेन. "किती गोळ्या?"

"नऊ."

"वजन?"

"पंधरा किलो. साडेचौदा."

पेन क्षणभर थांबलं. डॉक्टरने वर पाहिलं नाही, पण पेन थांबलं ते पाकीटवालीने पाहिलं. मग सगळं भराभर झालं. खारूच्या छातीवर चिकटपट्ट्या लावल्या, तारा जोडल्या, डोक्यापाशी एक मॉनिटर सुरू झाला आणि त्यावर हिरवी रेघ उड्या मारू लागली. नर्सने रक्त काढलं. खारू रडलीसुद्धा नाही, आणि त्याचीच पाकीटवालीला सगळ्यात जास्त भीती वाटली. हे पोर सुईला न रडणारं नव्हे.

"बाळा, तू त्या गोळ्या खाल्ल्यास का?" डॉक्टरने मऊ आवाजात विचारलं. खारूने आईकडे पाहिलं आणि ओठ आत ओढून घेतले.

नर्स एका पेल्यात कोळशाची काळी पूड कालवून घेऊन आली. पोटातलं विष ते शोषून घेतं. खारूने दात गच्च आवळले. नर्सने गोंजारलं, रागावून पाहिलं, चमचा ओठांना लावला. उशीवर काळे डाग पडले, पण तोंडात थेंब गेला नाही.

"तासाच्या आत गेलं तर उपयोग," डॉक्टर म्हणाली. "पाच मिनिटं बघू, नाहीतर नाकातून नळी घालावी लागेल. तुम्ही हिचे हात धराल का?" तिने तोवर स्ट्रिपचे तुकडे हातात घेतले होते. ते उलटसुलट करत ती म्हणाली, "पण हे तर ते नवीन पाकीट ना? मुलांना न उघडणारं? परवाच माहितीपत्रक आलंय आमच्याकडे. हिने उघडलं कसं?"

"मी शिकवलं."

"म्हणजे?"

"हे पाकीट मी केलंय. आणि हिला उघडायला मीच शिकवलंय."

डॉक्टरने तुकडे हळूच ट्रेमध्ये ठेवले. पाकीटवालीला वाटलं, हिने मला दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने लेकीचे हात धरले. नळीचं पुडकं फाडल्याचा आवाज झाला आणि खारू पहिल्यांदा थरथरली.

तेवढ्यात पलंगाभोवतीचा कापडी पडदा सरकला आणि सासूबाई आत आल्या. एका पायात चप्पल होती, एका पायात घरातली सपात. पाठोपाठ टॅक्सी करून आल्या होत्या, आणि जिना कसा उतरल्या ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. धाप लागली होती.

"थांबा," त्या म्हणाल्या. "ती बोलायची नाही. मीच तिला सांगितलंय बोलू नको म्हणून."

"काय सांगितलंयत?" पाकीटवालीने विचारलं.

"ते पाकीट मला उघडत नाही गं. एकदाही उघडलं नाही. रोज सकाळी हीच मला गोळी काढून देते. मी हिला बजावलं होतं, आईला सांगायचं नाही, हे आपलं दोघींचं गुपित."

"आणि ती सहा? मी उशाशी ठेवलेली?"

"तीही हिनेच उघडली." सासूबाईंनी नजर खाली वळवली. "तू त्या पाकिटापायी किती राबतेस ते बघत होते ना मी. बोटं कापून घ्यायचीस, जेवताना तेच, झोपेत तेच. तुला कुठे सांगू, की तुझ्या घरातल्याच म्हातारीला जमत नाही म्हणून? तुझं तोंड एवढंसं झालं असतं. म्हटलं, माझ्या एकटीने काय फरक पडतोय."

एरवी पाकीटवाली काय बोलली असती कोण जाणे. पण तेव्हा तिच्या कानांत फक्त त्या हिरव्या रेघेचे ठोके वाजत होते. सासूबाई पलंगाशी गेल्या आणि आपला सुजलेला तळवा त्यांनी नातीच्या गालाला लावला.

"खारूताई, मी सगळं सांगून टाकलं बघ. आता आपलं गुपित राहिलं नाही. तू बोललीस तर कुणी रागावणार नाही, आईसुद्धा नाही. त्या गोळ्या कुठे आहेत गं राणी?"

खारूने आईकडे पाहिलं. आई रडत होती. रागावलेली नव्हती.

"मोज्यात," खारू म्हणाली.

"कुणाच्या?"

"तुझ्या. निळ्या. तू सकाळी उठलीस की आधी मोजे घालतेस ना."

"अगं पण सगळ्या का काढल्यास?"

"उद्या माझी शाळा आहे," खारू म्हणाली, आणि आता तिचा ओठ थरथरायला लागला. "मी गेल्यावर तुला कोण उघडून देणार?"

नर्स तोंड फिरवून उभी राहिली. डॉक्टरने मात्र नळी खाली ठेवली नाही. "पोर सांगतंय ते खरंच असेल. पण गोळ्या डोळ्यांनी दिसेपर्यंत मी धरून चालणार नाही," ती म्हणाली. तिचं बरोबरच होतं. सासूबाईंनी पेला दोन्ही तळव्यांत धरला आणि खारूने आजीच्या हातून तो काळा राडा तोंड वेडंवाकडं करत, घोट घोट, सगळा संपवला.

नवऱ्याचा फोन लागला तेव्हा तो घराच्या दारातच होता. चार वेळा आलेला फोन पाहून तो काम टाकून निघाला होता. पाकीटवालीने दोन वाक्यांत सांगितलं. मग फक्त त्याच्या धावण्याचा, कपाट उघडल्याचा, काहीतरी पडल्याचा आवाज आला.

"मिळाला. निळा मोजा. आहेत गं! आहेत!"

"मोज."

"आठ."

"परत मोज."

"आठ आहेत. मोजा उलटा केलाय मी. दुसराही बघितला. आठच."

पाकीटवालीने फोन खाली घेतला. आठ म्हणजे नऊ नव्हेत. डॉक्टर खाली वाकली आणि तिने खारूच्या डोळ्यांत पाहिलं. "एक राहिली ना?"

"ती कडू होती," खारू म्हणाली.

"खाल्लीस?"

"चाटली. मग बेसिनमध्ये टाकली आणि पाणी सोडलं."

डॉक्टरने पहिल्यांदाच श्वास सोडला. "चाटली असेल, नाहीतर गिळलीही असेल. तरी एक म्हणजे नऊ नव्हे. एकीने बहुधा काही होणार नाही. पण सहा तास या तारा निघायच्या नाहीत, आणि रक्त पुन्हा तपासायचं." ती 'बहुधा' म्हणाली, आणि पाकीटवाली तो एक शब्द सहा तास चघळत बसली.

ते सहा तास तिने मॉनिटरकडे बघण्यात घालवले. रेघ उडी मारायची, आणि पुढची उडी येईपर्यंत तिचा जीव वर लटकलेला असायचा. नवरा आला, तिच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला, आणि त्यालाही विनोद सुचला नाही. खारूला काळ्या मिशा आल्या होत्या. तिने आरसा मागितला, त्यात बघून हसली, मग झोपली. झोपल्यावर ठोके मंदावले तेव्हा पाकीटवाली नर्सला बोलवायला धावत सुटली. नर्स म्हणाली, बाई, झोपेत सगळ्यांचेच मंदावतात. साडेआठला रक्ताचा अहवाल आला. औषधाचा अंश होता म्हटलं तर होता, पण नसल्यातच जमा. सकाळी घरी न्या, डॉक्टर म्हणाली. पाकीटवाली बाथरूममध्ये गेली, नळ सोडला आणि पोटभर रडली.

परत आली तेव्हा सासूबाई पलंगाजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. खारू जागी होती. पाकीटवालीने पर्समधून ती दुसरी, न उघडलेली स्ट्रिप काढली आणि त्यांच्या हातात दिली.

"आजी, एकदा माझ्यासमोर उघडा."

"आत्ता?"

"आत्ता. मला बघायचंय."

सासूबाईंनी नको म्हटलं नाही. त्यांनी टिंबांची रेघ शोधली आणि अंगठ्याने वाकवली. ती वाकली, फाटली नाही. त्यांनी शेपटी शोधायला स्ट्रिप डोळ्यांजवळ नेली. शेपटी सापडली, पण ती पकडायला जी दोन बोटं जुळावी लागतात ती जुळेनात. मधे दरी राहायची. त्यांनी नखाने खरवडलं. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा फिरत होता. दोन मिनिटं. चार. कपाळावर घाम आला. पाकीटवाली बारा वर्षं अशा चाचण्या घेत आली होती, पण एवढा वेळ कुणाच्या हातांकडे तिने कधी पाहिलं नव्हतं.

"आजी, इकडे दे," पलंगावरून खारूने तारांसकट हात पुढे केला. "तुला नाही येत ते."

"नको गं बाळा," पाकीटवाली चटकन म्हणाली, आणि तिने तो हात आपल्या हातात धरून ठेवला.

"रोज अश्शीच बसते मी," सासूबाई म्हणाल्या. "मग मारते हाक."

"कुणाला?"

"घरात जे असेल त्याला. तुम्ही सगळे कामाला गेलेले असता. मग हीच असते."

दुपारची ती सगळी घरं पाकीटवालीच्या डोळ्यांसमोर उभी राहिली, जिथे मोठी माणसं बाहेर असतात आणि एक म्हातारं माणूस आणि एक पोर मागे राहतं. तिथे कुणीतरी स्ट्रिपशी झटलं असेल आणि कंटाळून म्हणालं असेल, बाळा, जरा इकडे ये. हे तिच्या एकटीच्या घरातलं नव्हतं. तिने ते गावभर वाटलं होतं.

ती बाहेर व्हरांड्यात गेली आणि तिने साहेबांना फोन लावला. रविवारी रात्री कशाला, असा त्यांचा सूर होता. तिने सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, "उद्या सकाळी बसू. शांतपणे बोलू."

"उद्या नाही. पाकिटं आजच परत मागवा. दुकानांना आज कळवा."

"किती पाकिटं बाहेर गेलीत माहीत आहे का तुला? आणि अहवाल तुझा आहे. तुझी सही आहे खाली. काय होईल समजतंय ना?"

"समजतंय. तसंच लिहून पाठवते, की चूक माझी आहे." तिचा आवाज पुन्हा चिरकला, पण ती थांबली नाही. "साहेब, माझी मुलगी वाचली, म्हणून हा फोन मी करतेय. पुढचा फोन दुसऱ्या कुणाच्या आईचा येईल. तो मला नाही घ्यायचा."

पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "यादी काढायला सांगतो," साहेब शेवटी म्हणाले. "तू लिहून पाठव."

ती परत आली. खारू पुन्हा झोपली होती आणि नवरा तिच्या पायाशी बसून पेंगत होता. खुर्चीतल्या सासूबाई मात्र जाग्याच होत्या. मान खाली घालून, ओठ मिटून, त्या अजून त्या स्ट्रिपशी झटत होत्या. पाकीटवालीने ती हळूच त्यांच्या हातातून काढून घेतली आणि दिव्याखाली धरली. एकही खण उघडलेला नव्हता.